चवथ संपली, कानातली शीळ राहिली

वाचकाचं पत्र :

ताई, मी डिचोली तालुक्यातला, वय 36. पणजीला नोकरी, रोज दुचाकीने जातो-येतो. लहानपणापासून घुमट (गोव्याचं मातीचं चर्मवाद्य) वाजवतो, वाड्यावरच्या भजनातही बसतो. चार वर्षांपूर्वी मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचा छोटा सेटअप केला : इंटरफेस, कंडेन्सर माइक, हेडफोन. मुलगी झोपली की दहानंतर बसतो तो एक-दीडपर्यंत. यंदा चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, पाच दिवसांत घरोघरी आरत्या झाल्या. पाचव्या रात्री परतलो तेव्हा डाव्या कानात ‘शीं’ असा आवाज सुरू झाला. तीन आठवडे झाले, अजून आहे, रात्री जास्त जाणवतो. बायको म्हणते, टीव्ही फार मोठा लावता. मी मिक्स केलेलं भजन मंडळींना पाठवलं तर सगळे म्हणाले, कासाळी (मोठ्या झांजा) कान चिरतात. मला ती मंदच वाटत होती. बाबा म्हणतात, “आमचेही कान वाजायचे, सवय होते.” आई लसूण घातलेलं कोमट खोबरेल कानात घालते. आता हा आवाज जाईल का? घुमट सोडावं लागेल का? चांगले हेडफोन घेतले तर भागेल का? — घुमटवाला, डिचोली

घुमटवाले भाऊ,

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येते, पण आधी एक काम सांगते आणि ते याच आठवड्यात करा. कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. पणजीहून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) लांब नाही, म्हापशाचं जिल्हा इस्पितळही तुम्हाला सोयीचं आहे. तिथे न जमलं तर जवळचा कोणताही कानाचा डॉक्टर चालेल. घाई एवढ्यासाठी, की आवाज एकाच कानात आहे. मोठ्या आवाजाने दुखावलेले कान बहुतेक वेळा दोन्ही वाजतात, थोडे कमी-जास्त. एकच कान वाजत राहिला तर त्यामागे दुसरं काही नाही ना, हे डॉक्टरांनी पाहायलाच हवं. कधी मळाचा बोळा निघतो, कधी पडद्यामागे पाणी साचलेलं असतं, क्वचित आणखी काही असतं.

घरी आज एक पाहा. फोनवरचं एखादं बोलणं आवाजाला हात न लावता आधी उजव्या कानाने ऐका, मग डाव्या. डावीकडे ते स्पष्टपणे मंद किंवा फाटकं वाटलं, किंवा त्या पाचव्या रात्रीपासून कान दडा बसल्यासारखा असेल, तर आठवड्याची वाटही पाहू नका, उद्याच जा. अचानक एका कानाचं ऐकणं उतरलं तर डॉक्टर स्टेरॉइडची औषधं देतात आणि ती पहिल्या काही दिवसांत, फार तर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडतात. तुमचे तीन आठवडे गेलेत, म्हणून ‘आता काय उपयोग’ असं मात्र घरच्या घरी ठरवू नका. हे मी सगळ्याच वाचकांसाठी लिहिते आहे. रात्री धड ऐकू येणारा कान सकाळी बंद वाटला, तर सर्दीमुळे असेल म्हणून आठ दिवस काढणारी माणसं मी दरवर्षी पाहते आणि दरवर्षी वाईट वाटतं.

आईंना माझा नमस्कार सांगा आणि तेल थांबवा. पडद्याला बारीक भोक असलं तर तेल आत उतरतं. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, ओल्या-तेलकट कानात बुरशी फार लवकर धरते. वर त्याच कानावर तीन तास हेडफोनची गादी दाबून बसलात तर तिला आयतीच ऊब मिळते. कापसाची काडीही नको. तिने मळ निघण्यापेक्षा आत ढकलला जातो.

आता तुमच्या मिक्सकडे येते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तीच आहे. कासाळी तुम्हाला मंद वाटली आणि इतरांचे कान चिरून गेली. तुम्ही इक्यूमध्ये, म्हणजे उंच-खालचे स्वर कमी-जास्त करायच्या सोयीत, वरचा भाग उचलला असणार, तीन-चार डेसिबल तरी. तुमच्या दृष्टीने तुम्ही बरोबर केलंत. तुमच्या कानाला जे कमी पडत होतं ते तुम्ही भरून काढलंत. म्हणजे ऐकण्याची पहिली चाचणी तुमची झालेलीच आहे. ती दवाखान्यात झाली नाही, तुमच्याच खोलीत झाली आणि निकाल मंडळींनी कळवला.

हे कसं होतं ते सांगते, कारण तुम्ही घुमटवाले आहात, तुम्हाला ते चटकन कळेल. घुमटाच्या मोठ्या तोंडाला चामडं असतं, दुसरं लहान तोंड उघडं असतं. ते हाताने झाकलं-उघडलं की नाद बदलतो. आतल्या पोकळीचा स्वतःचा एक नाद असतो. कानाची नळीही अशीच आहे : एका टोकाला पडदा, दुसरं टोक उघडं, मध्ये साधारण अडीच सेंटिमीटरची पोकळी. एवढ्या लहान पोकळीचा नाद उंच असतो, 3000 हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे स्वराची उंची मोजायचं माप) आसपास. त्या पट्टीतला आवाज नळीतच दहा-पंधरा डेसिबलने वाढून आत पोचतो. त्यामुळे मोठ्या आवाजाचा पहिला मार पडतो तो त्याच्या किंचित वरच्या पट्टीवर, 3000 ते 6000 हर्ट्झमध्ये, आणि बहुधा बरोबर 4000 च्या जवळ. कासाळ्यांची धार याच भागात असते. त्यांनीच कान दुखावला आणि आता तीच तुम्हाला कमी ऐकू येतात.

पडद्यापलीकडे, कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. उंच स्वरांच्या पेशी शंखाच्या तोंडाशी आणि खर्जाच्या अगदी आत. पेशी थकली तर विश्रांतीने सावरते. जत्रेतून परतल्यावर कान सुन्न होऊन दुसऱ्या दिवशी मोकळे होतात, ते यामुळे. पण पेशी मेली तर माणसात ती परत उगवत नाही. पक्ष्यांत उगवते, आपल्यात नाही. घुमटाचं चामडं फाटलं तर नवं चढवता येतं. घोरपडीचं बंद झालं तेव्हा आपण बकरीचं लावायला शिकलो आणि 2019 मध्ये त्याच घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. कानाच्या बाबतीत असं दुसरं कातडं नाही.

बाबा म्हणतात ‘सवय होते’. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण त्याचा अर्थ मी वेगळा लावते. माझे वडील फोंड्याकडच्या एका भजनी मंडळात चाळीस वर्षं झांज वाजवायचे. त्यांनाही सवय झाली होती. पुढे पुढे एक गोष्ट आमच्या लक्षात आली. भजन सात वाजता असलं की ते आठला पोचायचे. मंडळींना वाटायचं, म्हातारपणी विसरतात. ते विसरत नव्हते. फोनवर कुणी ‘सात’ म्हटलं की त्यातला ‘स’ त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. उरलेल्या अर्ध्या अक्षरांतून ते ‘आठ’ जुळवायचे. ‘स’ हे फार उंच पट्टीचं अक्षर आहे, ‘आ’ खालच्या. माणसाचा आवाज ऐकू येतो आणि शब्द कळत नाही, अशी ती अवस्था. ‘ऐकू येतंय रे, ओरडू नको, नीट बोल,’ असं ते म्हणायचे आणि ते अक्षरशः खरं होतं. त्यांना श्रवणयंत्र मिळालं तेव्हा ते सत्तरीत होते आणि यंत्र लावून पहिल्यांदा भजनाला बसले तेव्हा झांज हातात घेऊन कितीतरी वेळ वाजवलीच नाही, नुसती किंचित टेकवून ऐकत राहिले. मी कानांच्या या कामात आहे त्याचं कारण तेच आहेत. तुमच्या बाबांचीही तपासणी तुमच्याबरोबरच करून घ्या. दोघे गेलात तर तेही नाही म्हणणार नाहीत.

तपासणीला जाताना दोन गोष्टी सांभाळा. आदल्या दिवशी हेडफोन, आरती, भजन काही नको. किमान सोळा तास कान शांत ठेवून जा, नाहीतर थकवा कोणता आणि कायमचं नुकसान कोणतं हे वेगळं कळत नाही. दुसरं, ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढणाऱ्याला सांगा की मी वादक आहे, 3000 आणि 6000 हर्ट्झही तपासा. साधारण 250 ते 8000 पर्यंत तपासतात, पण मधले हे दोन कधी कधी गाळले जातात आणि तुमची गोष्ट नेमकी तिथेच लपलेली असेल. सोय असेल तर ओएई ही चाचणीही मागा. तिच्यात कानात लहान आवाज सोडून केसपेशींचा उलट प्रतिसाद मोजतात, तुम्हाला बटणही दाबावं लागत नाही.

आलेख सामान्य आला तर? आनंदच आहे, पण मग पूर्वीसारखंच चालू ठेवायला मोकळे झालात असं समजू नका. 2009 मध्ये अमेरिकेतल्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केसपेशी शाबूत राहिल्या, तरी पेशी आणि मज्जातंतू यांच्यामधले असंख्य जोड कायमचे तुटले होते. शांत खोलीतली चाचणी हे पकडत नाही. गर्दीत बोलणं न कळणं, कान वाजणं, असल्या तक्रारींशी याचा संबंध असावा असा विचार तेव्हापासून सुरू झाला. माणसाबाबत सगळे धागे अजून जुळलेले नाहीत, पण ‘दुसऱ्या दिवशी कान मोकळा झाला, म्हणजे काही झालं नाही’ हा आपला जुना समज मात्र आता धरता येत नाही.

आता हिशोब. लोक मला विचारतात, घुमटाने झालं की हेडफोनने? कानाला दोन खाती नसतात. आरती, हेडफोन, शिगम्याचे ढोल-ताशे, हेल्मेटमध्ये घुसणारा वारा, सगळं एकाच खात्यात पडतं. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था दिवसाला 85 डेसिबल आठ तास ही मर्यादा धरते आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा तास, 100 ला पंधरा मिनिटं. तीन डेसिबल कानाला जेमतेम जाणवतात, पण ताकद दुपटीने वाढलेली असते. फसगत होते ती इथे.

तुमची चवथीची एक रात्र मांडून पाहू. घरातल्या बंद चौकीत, चहूबाजूंनी भिंती, खाली गुळगुळीत लाद्या, चार-पाच घुमटं, काठ्यांनी वाजवायचं शामेळ आणि दोन जोड कासाळी. सरासरी 97 डेसिबल धरू, जास्तही असेल. पाच घरं, प्रत्येकी वीस मिनिटं, एकूण शंभर मिनिटं. परवानगी तीस मिनिटांची होती. म्हणजे तीन दिवसांचं एका रात्रीत खाल्लंत आणि वर थोडं. मग घरी येऊन तीन तास हेडफोन, 91 धरले तर तिथे आणखी दीड दिवसाचं. पाच रात्री असंच. ही मर्यादाही कारखान्यांसाठी ठरवलेली आहे. ती पाळली की प्रत्येकाचा कान शाबूत राहील अशी हमी तिच्यात नाही. जागतिक आरोग्य संघटना करमणुकीच्या ऐकण्यासाठी त्याहून सावध आकडा सांगते : मोठ्या माणसाला आठवड्याला 80 डेसिबल, चाळीस तास.

आणि डावाच कान का? तुम्ही लिहिलं नाही, पण मला विचारावंसं वाटतं : आरतीला तुमच्या डाव्या हाताला कोण उभं राहतं? कासाळेवाला असेल, तर त्याची कासाळी तुमच्या कानापासून हातभर अंतरावर आहेत. डोक्याची सावली पडत असल्यामुळे उंच आवाज उजव्या कानाला बराच कमी पोचतो. कानात एक इवलासा स्नायू असतो, तो मोठा आवाज आला की आखडून संरक्षण करतो, पण तो जागा होईपर्यंत टाळी पडून गेलेली असते. म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय असा, की जागा बदला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल कमी होतात. घरात भिंतींमुळे तेवढे होत नाहीत, पण कानाशी वाजणारी कासाळी चार हात दूर गेली तर फरक मोठाच पडतो. कासाळेवाल्याला दाराशी उभं करा, म्हणजे अर्धा आवाज अंगणात जाईल. आणि मुलगी तुमच्या मांडीवर बसून आरती ऐकत असेल तर तिला आजीजवळ मागे बसवा. लहान मुलांसाठी कानांवर बसणारे जाड मफ मिळतात, शिगम्याच्या मिरवणुकीला तेच घाला.

घुमट सोडू नका. मी कुणालाही वाद्य सोडायला सांगत नाही. कानात प्लग घालून वाजवा. हे वाचून तुम्ही तोंड वाकडं केलं असेल, तेही मला माहीत आहे. केमिस्टकडचा फोमचा बोळा घालून एकदा पाहिला असेल आणि सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटलं असेल. कारण फोम उंच स्वर जास्त अडवतो आणि खालचे कमी; सुराची कडच जाते. त्यावर उपाय म्हणून 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वादकांसाठी वेगळे प्लग निघाले. त्यात बारीक फिल्टर असतो आणि तो सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच, म्हणजे पंधरा डेसिबलच्या आसपास, खाली आणतो. आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, पण ओळखू येतो तोच. तयार मापाचे काही हजार रुपयांच्या आत मिळतात. कानाचा साचा घेऊन बनवलेले महाग पडतात, पण त्यांत फिल्टर बदलता येतो आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. कापूस घालून काही होत नाही, तो जेमतेम काही डेसिबल अडवतो आणि मनाला मात्र खोटा धीर देतो.

भजनात गाता तेव्हा प्लगमुळे स्वतःचा आवाज डोक्यात घुमेल. प्लग जितका उथळ बसेल तितकं हे जास्त होतं, म्हणून साचा घेताना नळीच्या दुसऱ्या वळणापर्यंत खोल घ्यायला सांगा. आणि पहिल्यांदाच प्लग घालून सप्ताहाला बसू नका. आठवडाभर घरी रियाज करा, सूर नव्याने ओळखीचा होऊ द्या. आता पुन्हा हिशोब पाहा : प्रत्यक्षात बाराच डेसिबल अडले असं धरलं, तरी 97 चे 85 झाले. त्या शंभर मिनिटांत दिवसाच्या वाट्याचा पाचवा हिस्सा खर्च झाला, तीन दिवसांहून जास्तीचा नाही.

तिसरा प्रश्न, चांगले हेडफोन. महाग हेडफोन कान वाचवत नाही. कान वाचतो तो आवाजाची खुंटी किती फिरवता त्यावर, आणि ती तुम्ही का फिरवता हे शोधायला हवं. मला वाटतं पहिलं कारण तुमच्या डोक्यावर आहे. मागची खोली म्हणालात. तिच्यावर पत्रे असतील तर जून ते सप्टेंबर तुम्ही पावसाशी स्पर्धा करत मिक्स करता. पाऊस वाढला की हेडफोन वाढतो, पाऊस थांबल्यावर तो खाली येत नाही. पंख्याचंही तसंच. मागून उघडे असलेले हेडफोन ऐकायला सुंदर असतात, पण अशा खोलीत बंद कपांचेच बरे, कारण बाहेरचा आवाज अडला की आतला वाढवावा लागत नाही. जोराचा पाऊस असेल त्या रात्री मिक्स नको. फाइलींना नावं द्या, टेक निवडा, चुकीचे श्वास कापा. ही कामं हळू आवाजातही होतात.

दुसरं कारण घड्याळात आहे. दहा वाजता जो आवाज पुरेसा वाटतो तो साडेबाराला मंद वाटतो, कारण कान थकून खाली उतरलेले असतात. मग मुख्य आवाज वाढतो, वरचा ट्रेबल वाढतो आणि सकाळी तेच ऐकलं की कर्कश लागतं. तुमच्या कासाळ्यांच्या कर्कशपणात याचाही वाटा असणार. म्हणून पाऊण तास काम, दहा मिनिटं हेडफोन काढून बाहेर अंगणात. आणि इक्यूचे निर्णय पहिल्या तासातच.

तिसरं कारण कानाच्या स्वभावातलं आहे. 1933 मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं, की हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी उंच स्वर कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की दोन्ही टोकं भरून येतात. त्यामुळे मोठं लावलं की मिक्स चांगलाच वाटतो, मग तो चांगला असो वा नसो. हळू आवाजात शब्द कळले, पखवाज जाणवला, झांज टोचली नाही, तर तो मिक्स सगळीकडे टिकतो. मोठ्याने ऐका, पण शेवटी, एकदा, दोन मिनिटं.

खुंटीवर खूण करा. एखाद्या ओळखीच्या स्टुडिओत किंवा मित्राकडे स्पीकर असतील तिथे पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा सळसळता आवाज) लावून फोनवरच्या डेसिबल मीटरवर बसायच्या जागी 75 च्या आसपास आणा. फोनचा आकडा अगदी काटेकोर नसतो, पण आपल्या कामापुरता चालतो. मग तोच नॉइज आपल्या हेडफोनवर लावून कानाला तेवढाच वाटेल इतकी खुंटी फिरवा आणि तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या. ठिपक्याच्या पुढे फक्त त्या दोन मिनिटांसाठी जायचं. ठिपका चार डेसिबल चुकला, 79 झाले, तरी बत्तीस तास मिळतात हो! तुमच्या तीन तासांचं त्यात काहीच नाही.

आणखी एक, जे होम रेकॉर्डिंगवाल्यांना कुणी सांगत नाही. हेडफोन कानावर असताना केबल काढू-घालू नका आणि फँटम पॉवरचं (माइकला वीज देणारं) बटण दाबू नका. आधी खुंटी शून्यावर, मग केबल, मग पुन्हा वर. तो ‘थाप’ आवाज किंवा चुकून जुळलेल्या फीडबॅकची किंकाळी कानापासून बोटभर अंतरावर होते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटच्या चॅनलवर लिमिटर (आवाज ठरल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) कायम लावून ठेवा. गाणारा क्लिक ट्रॅक (लय धरायची टकटक) मोठा मागत असेल तर क्लिकचा सूर बदला, कोरडी लाकडी टकटक हळू आवाजातही ऐकू येते. आणि एक कान उघडा ठेवून दुसऱ्यात आवाज चढवणं थांबवा. दोन्ही कानांनी ऐकलं की कमी आवाजात भागतं.

राहिला तुमचा पहिला प्रश्न, ज्यासाठी तुम्ही खरं तर लिहिलंत. आवाज जाईल का? तीन आठवडे हा अजून लवकरचा काळ आहे. बऱ्याच जणांचा पहिल्या काही महिन्यांत मंदावतो, काहींचा जातो, काहींचा राहतो पण त्याच्याकडे लक्ष जाईनासं होतं. तुमचा कुठल्या बाजूला जाईल हे तपासणीआधी सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. त्यावर गोळी नाही. ‘कान वाजणं बंद’ म्हणून जाहिरातीत जे विकलं जातं त्यावर पैसे घालू नका. तो आवाज बहुतेक वेळा कानात नसतोच, मेंदूत असतो. कानाकडून एका पट्टीची खबर येईनाशी झाली की मेंदू त्या पट्टीचा गेन, म्हणजे आवाज चढवण्याचं प्रमाण, वाढवतो. माइक न जोडता प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारा भाग) पूर्ण उघडला की जी सळसळ ऐकू येते, तसंच काहीसं. म्हणून अगदी शांत खोलीत तो वाढतो. झोपताना पंखा चालू ठेवा, किंवा हळू आवाजात पावसाचं, समुद्राचं रेकॉर्डिंग लावा. शीळ पूर्ण झाकायची नाही, तिच्या शेजारी दुसरं काही असू द्यायचं. दिवसातून दहा वेळा ‘आहे का अजून’ म्हणून कान लावून तपासू नका, त्याने मेंदूला ती महत्त्वाची वाटते. त्रास झोपेपर्यंत, मनापर्यंत गेला तर कानाच्या डॉक्टरांनाच तसं सांगा. समुपदेशनाने, विशेषतः विचार-वर्तन पद्धतीच्या उपचारांनी, आवाजाचा त्रास कमी होतो हे नीट अभ्यासलेलं आहे. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी औषध लिहून घेताना कान वाजतो हे आधी सांगा; काही इंजेक्शनं, उदाहरणार्थ जेंटामायसिन आणि अमिकासिन, कानाला जड जातात.

तोवर एक महिना हेडफोन बंद आणि भजनाला प्लगशिवाय बसणं बंद. घुमटाचा रियाज उशीवर बोटांनी होतो, बोल तोंडी म्हणता येतात. आपल्याकडे लय अशीच, वाद्याशिवाय, मांडीवर आणि बोटांवर पक्की करत आले आहेत.

ऑडिओग्राम आला की 3000, 4000 आणि 6000 खालचे आकडे, दोन्ही कानांचे, मला कळवा. आणि महिन्यानंतर ते भजन पुन्हा उघडाल तेव्हा कासाळ्यांच्या ट्रॅकवर जे तीन-चार डेसिबल चढवलेत ते आधी काढा, मिक्स बायकोला आणि मंडळातल्या एखाद्या विशीतल्या मुलाला ऐकवा, आणि ते म्हणतील तिथेच ठेवा, तुम्हाला मंद वाटली तरी.